बारा दिवस समुद्र, तीन पोरं आणि एक लाल टोपी

(या एपिसोडचा हा लिखित भाग. बोलताना घेतलेले श्वास, मागे ओरडणारा कुकर आणि माझे चार-पाच "अॅक्च्युअली" कापले आहेत. बाकी सगळं जसंच्या तसं.)

हेडफोन लावलेत ना? आज मी एकटीच आहे, पाहुणे वगैरे कोणी नाही. गेल्या महिन्यात दोन एपिसोड आले नाहीत. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं, "ताई, पॉडकास्ट बंद केलं का?" नाही हो. मी कोकणात होते. बारा दिवस. दापोलीजवळच्या मुरुडला. आणि हो, दरवेळी सांगावं लागतं, जंजिऱ्याचं मुरुड वेगळं. ते रायगड जिल्ह्यात. हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, हर्णै आणि कर्दे यांच्या मधलं.

तर टीम अशी होती. आई, बाबा, मी, माझी चार वर्षांची लेक, म्हणजे चिऊ, आणि ताईची दोन मुलं. मोठा सात वर्षांचा, धाकटा पाच. ताईला एवढी रजा मिळणार नव्हती. ती म्हणाली, "तू चाललीच आहेस तर यांनाही ने ना, मी दुसऱ्या शनिवारी येते." माझा नवरा आम्हाला सोडायला आला आणि रविवारी परत गेला. म्हणजे पहिला आठवडा तीन मोठी माणसं आणि तीन लहान. एकास एक. मला वाटलं, काय अवघड आहे त्यात?

प्रवासाबद्दल फार बोलत नाही. पुण्याहून ताम्हिणी घाटातून माणगाव, मग मंडणगडवरून दापोली. मॅप म्हणतो साडेपाच तास. आम्हाला साडेआठ लागले. घाटात दोघांना उलटी झाली आणि तिसऱ्याला त्या दोघांना बघून झाली. प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवा, डिकीत नको. पुढे जाऊ.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे समुद्रावर जाणं म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी किल्ला, देऊळ, मासे, सूर्यास्त, रविवारी परत. दोन दिवसांत सात ठिकाणं. मी स्वतः अशा वीस-एक ट्रिपा केल्यात. बारा दिवस एकाच गावात राहण्याचा माझा पहिलाच अनुभव होता. त्यामुळे पहिल्या दिवशी माझ्याकडे, हसू नका, एक स्प्रेडशीट होती. तारीख, सकाळ, दुपार, संध्याकाळ. हर्णै बंदर, सुवर्णदुर्ग, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, केळशी, उन्हवरेचे गरम पाण्याचे झरे. सगळं रंगवून ठेवलेलं.

तिसऱ्या दिवशी ती शीट मी बंद केली. कारण मुलांना कुठेही जायचंच नव्हतं. त्यांना रोज तीच वाळू हवी होती, तेच डबकं, काल जिथे खड्डा खणला तीच जागा. खड्डा रात्रीच्या भरतीत बुजलेला असायचा आणि ते रोज सकाळी तितक्याच आश्चर्याने ओरडायचे, "गेला!" कड्यावरच्या गणपतीला आम्ही गेलो, पण चिऊला देवळापेक्षा तळ्यातली कासवं जास्त आवडली. हर्णैला एकदा संध्याकाळी लिलाव बघायला गेलो. ते मात्र बघाच. होड्यांमधून माल किनाऱ्यावर येतो, वाळूतच ढीग लागतात आणि बोली सुरू होते. मोठ्याने दुसऱ्या दिवशी शिंपल्यांचा लिलाव मांडला आणि बाबांना एक फुटका शंख पाचशे रुपयांना विकला. सुवर्णदुर्ग आम्ही किनाऱ्यावरूनच पाहिला. बाबांनी कान्होजी आंग्र्यांवर छोटंसं व्याख्यान दिलं. ऐकणारी मी एकटी.

दिवस आपोआप बसत गेला. सकाळी साडेसहाला पोरं उठायची. घावन किंवा आंबोळी, चहा-दूध, मग समुद्र. अकरापासून चारपर्यंत घरात, कारण मे महिन्यातलं कोकणातलं ऊन म्हणजे भाजत नाही, शिजवतं. आम्ही राहिलो होतो ते घर एका काका-काकूंचं. पुढे पडवी, मागे नारळी-पोफळीची वाडी, विहीर. दोन खोल्या आमच्याकडे, जेवण काकूंच्या हातचं. दुपारी पडवीत चटई टाकायची आणि लोळायचं. काकू रातांबे फोडून आमसुलं करत बसायच्या. पोरं त्यांना मदत करायची. म्हणजे रातांबे खायची आणि हात-तोंड लाल करून घ्यायची. धाकट्याच्या पांढऱ्या बनियनवरचे ते डाग अजून गेले नाहीत, कुणाकडे उपाय असेल तर कळवा.

एक-दोन कामाच्या गोष्टी पटकन सांगते, कारण लहान मुलं असलेले श्रोते नंतर विचारतातच. अंगावरची ओली वाळू पुसत बसू नका, पोरं कळवळतात. अंग वाळू द्या आणि टाल्कम पावडर लावून हात फिरवा, वाळू झडते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर लगेच गोड्या पाण्याने आंघोळ आणि सुती कपडे. ओल्या चड्डीत पोरगं तासभर बसलं की रात्री मांड्या सोलल्या जातात आणि मग कुणीच झोपत नाही. टोपी, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि पाणी. समुद्रावर आहोत म्हणून तहान लागत नाही असं मुलांना वाटतं, आपल्यालाही वाटतं. काकूंचं कोकम सरबत बाटलीत भरून न्यायचो, संपायचं. खेळणी नेऊ नका. एक पातेलं, एक गाळणी, दोन जुने चमचे, बास.

आणि हो, चालण्याची तक्रार. मोठा रोज घरापासून किनाऱ्यापर्यंत पाच मिनिटं चालताना "पाय दुखतात" म्हणायचा. बाबांनी त्याला सांगितलं की महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावात वाढले, आणि तरुणपणी परीक्षेसाठी इथून थेट साताऱ्याला पायी गेले होते. डोंगर चढून. मोठ्याने विचारलं, "मग पास झाले का?" बाबा म्हणाले, "नाही, वयाने लहान दिसतोस म्हणून बसूच दिलं नाही." मोठा म्हणाला, "मग कशाला चालले?" आणि बसला ना रस्त्यात! बाबांकडे उत्तर नव्हतं.

(हसते)

बरं. आता ज्यासाठी हा एपिसोड करतेय ते सांगते. हे रेकॉर्ड करायचं की नाही यावर मी दोन आठवडे घालवलेत.

मी पाच दिवस रजा घेतली होती, पण त्या आठवड्यात आमच्या टीममध्ये दोघं नव्हते, त्यामुळे मी बॅकअप ऑन-कॉल होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सिस्टिममध्ये काही बिघडलं की आधी एकाला अलर्ट जातो. त्याने ठराविक वेळात उचलला नाही की बॅकअपला, म्हणजे मला. मी मॅनेजरला म्हणाले होते, "चालेल, फोन जवळ असतोच." हे वाक्य मीच बोलले होते. कुणी लादलं नव्हतं.

पाचवा दिवस, बुधवार. रविवारी-सोमवारी अमावस्या होऊन गेली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. आता मी इंजिनिअर, त्यामुळे भरती-ओहोटीच्या वेळा मी पहिल्याच दिवशी फोनवर काढून ठेवल्या होत्या. त्या दिवशी पूर्ण ओहोटी सकाळी सव्वासातच्या सुमारास, पूर्ण भरती दुपारी दीडच्या सुमारास. मी हिशोब केला: सहा तासांत पाणी वर येणार, आपण दहाला निघणार, म्हणजे अर्धंसुद्धा आलेलं नसेल. आरामात.

मुरुडचा किनारा सपाट आहे. ओहोटीला समुद्र इतका आत जातो की पोरांना तिथवर चालायचा कंटाळा येतो. आणि असा किनारा लांबून सपाट दिसला तरी इस्त्री केल्यासारखा नसतो. वाळूचे लांबट उंचवटे असतात, किनाऱ्याला समांतर, आणि त्यांच्या मागे खोलगट पट्टे. उंचवट्यावर वाळू घट्ट असते, खेळायला एकदम मस्त. आम्ही अशाच एका उंचवट्यावर होतो. मी, चिऊ आणि धाकटा. मोठा बाबांबरोबर किनाऱ्याच्या बाजूला शिंपले गोळा करत होता. आई सुरूच्या झाडांखाली बसली होती, तिला समुद्र लांबूनच बरा वाटतो. येताना आम्ही मधला खोलगट पट्टा ओलांडला होता. घोट्याएवढं पाणी. पोरांनी त्यात उड्या मारल्या होत्या.

पावणेदहाच्या आसपास फोन वाजला. अलर्ट. पहिल्याने उचलला नव्हता. मी वॉटरप्रूफ पाऊचमधूनच लॉग बघायला लागले. मग एकाला मेसेज केला, त्याचा फोन आला, बोलले. मी पोरांच्या बाजूलाच होते. हे मला नीट सांगायचंय. मी त्यांना सोडून गेले नव्हते, चार पावलांवर उभी होते, तोंड त्यांच्याकडे. दर मिनिटाला मान वर करून बघत होते. दोघं खड्डा खणत होती. समुद्राकडेही बघत होते. लाटा अजून लांब होत्या, वीस-पंचवीस पावलांवर तरी. सगळं ठीक.

मागे मी बघितलं नाही. मागे किनारा होता, मागे कशाला बघायचं?

तेवढ्यात ओरडणं ऐकू आलं. पलीकडे एक आजी उभ्या होत्या. सकाळी वाळूत तिसऱ्या खणायला बायका येतात, त्यातल्या. बाकीच्या केव्हाच निघून गेल्या होत्या, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दोन्ही हात हलवत होत्या. "अगो बाय, मागं बघ! मागं!"

मी वळले. ज्या पट्ट्यात घोट्याएवढं पाणी होतं तिथे ओढा वाहत होता. खरोखर ओढा, डावीकडून उजवीकडे, बऱ्यापैकी जोरात. समुद्र समोरून आलाच नव्हता. तो बाजूने, जिथे उंचवटा संपतो तिथून आत शिरला होता आणि आमच्या मागचा सखल भाग आधी भरला होता. आम्ही बेटावर होतो.

मी फोनवर म्हणाले, "एक मिनिट." हो, हे म्हणाले. चिऊला पाठीवर घेतलं, धाकट्याला कडेवर, आणि पाण्यात पाय घातला. आधी गुडघे, मग मांड्या, मग कंबर. पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीशी ताडून बघा म्हणजे कळेल. पायाखालची वाळू सरकत होती. पाणी बाजूने ढकलत होतं, त्यामुळे प्रत्येक पाऊल मी ठेवलं तिथे पडतच नव्हतं. चिऊने माझा गळा इतका आवळला होता की श्वास लागत होता. धाकटा मात्र हसत होता. त्याला वाटलं, खेळ आहे. आजी साडीसकट समोरून पाण्यात आल्या आणि त्यांनी एक हात लांब केला. मी आधी धाकट्याला दिला. मग आम्ही बाहेर.

सगळं मिळून दोन मिनिटं असतील. बाबांना कळलंसुद्धा नाही. ते पाठमोरे होते, मी मुलांबरोबर आहे म्हणून निर्धास्त. आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "पाणी पाठीमागनं येतं गो. पुढं बघून काय उपयोग?" आणि टोपली उचलून गेल्या. मी धड आभारही मानले नाहीत, कारण मला बोलताच येत नव्हतं. पूर्ण वेळ फोन माझ्या दातांत होता. पाऊचची दोरी दातांत धरून मी ते पाणी ओलांडलं होतं. दोन्ही हात मुलांना धरायला लागले, आणि फोन टाकून द्यावा हे मला सुचलंच नाही.

दुपारी पोरं झोपल्यावर मी पडवीत बसले आणि, सवय वाईट, शोधायला लागले की माझा हिशोब कुठे चुकला. वेळा बरोबर होत्या. ओहोटी सव्वासातला, भरती दीडला, एकदम बरोबर. चुकलं होतं मधलं गणित. मी धरलं होतं की पाणी दर तासाला सारखंच वाढतं. सरळ रेषा. ते तसं वाढत नाही. सहा तासांचे साधारण बारा भाग करतात. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. सोयीसाठी भरती-ओहोटीतला फरक तीन मीटर धरा. पहिल्या तासात पाव मीटर चढतं, दुसऱ्यात अर्धा. तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाऊण-पाऊण, म्हणजे त्या दोनच तासांत दीड मीटर. आम्ही नेमके तिसऱ्या तासात होतो. त्यात उधाण, म्हणजे फरक मोठा. त्यात सपाट किनारा, जिथे पाणी थोडंसं चढलं तरी आडवं खूप लांब पसरतं. बीटेकला चार वर्षं साइन वेव्ह काढल्या मी. समोर खरी आली तेव्हा सरळ रेषा समजून बसले.

संध्याकाळी काकांना सगळं सांगितलं. काका म्हणाले, फोन कशाला लागतो, तिथी माहीत असली की झालं. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. त्या दिवशी द्वितीया होती: दोनाची पाऊणपट दीड. दीडलाच होती भरती! मी थक्क झाले. पुढे त्याच्या मागे लागून बघितलं तर पंधरवड्याच्या शेवटाकडे थोडा राउंडिंग एरर येतो, कारण भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते आणि पाऊणपटीत ती 45 च धरली आहे. पण खुंटीला अडकवलेल्या कॅलेंडरवरून तोंडी काढता येणारं उत्तर म्हणून भारीच आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग. भांगाच्या दिवसांत समुद्र फार आतही जात नाही, फार बाहेरही येत नाही. काकांच्या मते लहान मुलांना आणायचं तर भांगाला आणावं. आम्ही आलो होतो अमावस्या गाठून.

काकांनी अजून एक सांगितलं, तेही ऐकून ठेवा. पाण्यात उभं राहून बघताना सगळीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा गुळगुळीत, शांत दिसतो. आपल्याला वाटतं पोरांना इथे सोडावं, इथे लाट नाही. तिथेच सोडायचं नाही. लाटांनी आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि बऱ्याचदा ती वाट तीच असते. कुणी त्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून पाण्याशी झगडायचं नाही, दम संपतो. तरंगत राहायचं, हात वर करून हाका मारायच्या आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचं. वाचवायला म्हणून मागून कुणी तसंच उडी मारायची नाही. दर सुट्टीत पेपरात येणाऱ्या बातम्यांमध्ये एकाच घरातली दोन-तीन नावं का असतात, ते मला तेव्हा कळलं.

आता ताई.

मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. रोज रात्री व्हिडिओ कॉल व्हायचा. बुधवारी मी म्हणाले, "मजेत आहेत गं." गुरुवारी ठरवलं होतं सांगायचं, नेमकी रेंज गेली, मला बरंच वाटलं. शुक्रवारी कॉल लागला आणि मी तोंड उघडायच्या आत धाकटा स्क्रीनसमोर येऊन म्हणाला, "आई, मावशीने ना, फोन तोंडात धरला होता! कुत्र्यासारखा! आणि आम्ही नदीतून आलो!"

ताई हसली. मग माझ्याकडे बघितलं, आणि हसायची थांबली. म्हणाली, "उद्या येतेय ना मी. बोलू." कॉल बंद. त्या रात्री मी झोपले नाही. माझ्या मुलीबाबत हे झालं असतं तर मी स्वतःला शिव्या घातल्या असत्या आणि विषय संपवला असता. पण तो तिचा मुलगा होता. तिने विश्वासाने दिलेला. आणि मी तीन दिवस गप्प बसले होते. पाण्याचं आहे त्यापेक्षा मला त्या तीन दिवसांचं जास्त लागलं, अजून लागतं.

शनिवारी दुपारी ती आली. माझा नवराही तिच्याच गाडीतून आला. तिने पोरांना कवटाळलं, जेवली, काकूंशी गप्पा मारल्या. मला एक शब्द नाही. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी होती. ती म्हणाली, "चल, जागा दाखव." आम्ही दोघीच गेलो. मी तिला तो पट्टा दाखवला. त्यात घोट्याएवढंसुद्धा पाणी नव्हतं, नुसती ओली वाळू आणि दोन खेकडे. ती मधोमध उभी राहिली. म्हणाली, "इथे?" मी माझ्या कमरेला हात लावून दाखवलं. ती बराच वेळ खाली बघत राहिली. मग म्हणाली, "मी असते तरी आलेच असते गं इथे खेळायला. दिसतंय का काही?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "पण मला बुधवारीच सांगायला हवं होतंस."

मी म्हणाले, हो.

एवढंच झालं आमच्यात. रडारड वगैरे नाही. परत येताना तिने वाटेतल्या दुकानातून एक लाल टोपी घेतली, ऐंशी रुपयांची, पुढे खोटं नांगराचं चित्र असलेली. घरी येऊन सगळ्यांना बसवलं. आता आम्ही पाच मोठी माणसं होतो. ताई म्हणाली, "पाच जण असलो की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. तर टोपी ज्याच्या डोक्यावर, तो बघणार. त्याच्याकडे फोन नसेल. तो गप्पा मारणार नाही, फोटो काढणार नाही, वडापाव आणायला जाणार नाही. अर्धा तास झाला की दुसऱ्याला द्यायची, आणि देताना मोठ्याने म्हणायचं, 'टोपी तुझ्याकडे.' दुसऱ्याने म्हणायचं, 'माझ्याकडे.' तोवर पहिला मोकळा नाही."

ताई बँकेत आहे. तिला ऑन-कॉल, हँडओव्हर वगैरे काहीही माहीत नाही. आमच्याकडे यासाठी एक टूल आहे, त्याचं वेगळं ट्रेनिंग असतं, तरी अलर्ट निसटतात. मी ऐकत बसले होते आणि मनात म्हणत होते, अगं हे तर आपण रोज करतो! सर्व्हरसाठी करतो. त्याच रात्री मी मॅनेजरला मेसेज टाकला की उरलेले दिवस मला बॅकअपमधून काढ. त्याने दहा मिनिटांत काढलं. "ओके, एन्जॉय" असं उत्तर आलं. इतकं सोपं होतं ते. मी आधी विचारलंच नव्हतं.

उरलेले दिवस छान गेले. खरंच सांगते, एकदम कंटाळवाणे आणि छान. सोमवारी पहाटे ताई आणि नवरा निघाले, आणि टोपी आम्हा तिघांत फिरायला लागली. बाबांना ती फार आवडली. ते टोपी घालून कंबरेवर हात ठेवून असे उभे राहायचे की येणारे-जाणारे त्यांना लाइफगार्ड समजून पाण्याबद्दल विचारायचे, आणि बाबा सांगायचेही. भांग जवळ येत होता. सकाळची ओहोटी सरकत-सरकत दुपारवर आली, त्यामुळे सकाळी किनारा लहान आणि संध्याकाळी पाणी घराच्या बाजूला जवळ. मोठा आता रोज सकाळी कॅलेंडरपुढे उभा राहून पाऊणपट करायचा. सहाची पाऊणपट साडेचार हे त्याने बोटांवर काढलं. त्याला पावकी-निमकी कुणी शिकवली नव्हती.

पोरं त्या आजींना शोधायची. मीही. त्या मला एकदाच दिसल्या, लांबून, टोपली घेऊन वाळूत वाकलेल्या. मी जाऊन आंब्यांची पिशवी दिली. त्यांनी आधी ओळखलंच नाही. मग म्हणाल्या, "फोनवाली होय?" आंबे घेतले. दोन मूठ तिसऱ्या दिल्या बदल्यात. काकूंनी त्याचं कालवण केलं, चिऊने तीन वाट्या भात खाल्ला.

अकराव्या दिवशी अष्टमी. सहाला भरती. उन्हं उतरली होती, पाणी जवळ आलेलं आणि अगदी निवांत. आईचं माहेर बार्शीकडचं. अकरा दिवस ती सुरूच्या झाडांच्या पुढे आली नव्हती. त्या संध्याकाळी चिऊने हात धरून ओढत नेलं तिला. आधी पाय भिजवले, मग म्हणाली "बस गं आता", मग एक लाट आली आणि ती सरळ बसलीच पाण्यात, नऊवारी नाही पण चांगली इस्त्रीची साडी होती. तीन पोरं तिच्याभोवती. लाट आली की चौघंही किंचाळायची.

मी बाजूला उभी होते. धाकट्याने माझ्याकडे बघून ओरडून विचारलं, "मावशी, टोपी कोणाकडे?"

मी डोक्याला हात लावला. नव्हती. बाबा दहा मिनिटांपूर्वीच माझ्याकडून घेऊन गेले होते, रीतसर, मोठ्याने म्हणून. ते माझ्या मागे पाण्यात उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, टोपी कपाळावर ओढलेली. "माझ्याकडे!" ते ओरडले, आणि एकदा वळून मागच्या वाळूकडेही बघून घेतलं.

ती टोपी आता आमच्या फ्रिजवर आहे. नांगर अर्धा निघून गेलाय. ताई पुढच्या वर्षीच्या सप्तमी-अष्टमी शोधतेय कॅलेंडरमध्ये, मी रजेचा अर्ज आधीच टाकलाय, आणि त्यात ऑन-कॉलच्या रकान्यात "नाही" लिहिलंय.

चला मंडळी, चिऊ उठली वाटतं. भेटू पुढच्या गुरुवारी.